भाषा निवडा

जांबोटीच्या पुढं, वळणावरच्या टपरीसमोर
रविवारी सकाळी सात वाजता
आमच्या चार जुन्या जीपा, ढोपरापर्यंत तांबड्या,
आणि शेजारी ती.
केए बावीस, नंबर अजून कागदावरचा,
बॉनेटवर कुंकवाची पाच बोटं,
टायरच्या खाचेत चिरडलेल्या लिंबाची साल.

दस्तगीर मुल्ला तिच्याभोवती तीनदा फिरला
बैल बघायला आल्यासारखा.
दरवाजावर बोटाच्या पेरानं टकटक केलं.
"पत्रा न्हवं गा ह्यो. पापड हाय."
भरमाण्णा हलगेकर काहीच बोलले नाहीत.
गाडी त्यांच्याच लेकीची,
हुबळीच्या बँकेत कर्ज देते रेणुका,
स्वतःलाही तिनंच दिलं म्हणे.
एवढंच पुटपुटले, दिवे तरी गोल ठेवलेत.

आत वाकून बघितलं.
फोर-व्हीलचा दांडा नाही.
त्या जागी एक गोल खुंटी, मिक्सरला असते तशी.
तो दांडा पडायचा तेव्हा खालून आवाज यायचा,
खडड्-ठक्,
कुणीतरी पोटातून "हं" म्हटल्यासारखा.
माझ्या डाव्या तळहाताला त्याचा घट्टा आहे.
बायको म्हणते, दगडानं घास.
घासत नाही.

मग रेणुकानं बटण दाबलं, काच उजळली,
आणि काचेनं विचारलं:
भाषा निवडा.

कन्नड, मराठी, हिंदी, इंग्लिश,
यादी आणखी खाली सरकत होती
आणि आम्ही बेळगावची माणसं, टपरीवाल्या इराण्णासकट,
एकदम गप्प.
याच एका प्रश्नापायी इथं पाट्यांना डांबर लागलं,
बसा अडल्या, भरमाण्णांचे काका तीन महिने आत बसले,
कोर्टात अजून तारीख पडते.
हिनं विचारलं कसं,
चहा घेणार का कॉफी!

इराण्णानं फडकं खांद्यावर टाकलं.
"पैला ब्रेक कुठं हाय ते इचार की तिला."
हसलो सगळे, गरजेपेक्षा थोडं जास्तच.
रेणुकानं इंग्लिश दाबलं.
बरंच झालं.
आमच्या जुन्यांना शिव्या मराठीतून कळतात,
आणि चिखलात बसल्या की
मागून "नूकरी, नूकरी" ऐकल्याशिवाय हलत नाहीत.

कणकुंबीच्या अलीकडचा कोरडा ओढा.
ती चढली.
तक्रार नाही, धूर नाही,
काकू जिना चढतात तशी, पदर सावरून.
मी त्याच दगडावर अडकलो
ज्याच्यावर गेली अठरा वर्षं अडकत नाही.
रेणुका खाली उतरली, म्हणाली, काका, दोर बांधा.

दोर बांधायला तिच्या गाडीखाली सरकलो, उताणा.
टॉर्च दातांत.
आणि मागच्या ॲक्सलजवळ तो दिसला:
तिरका ब्रॅकेट, कानाच्या पाळीसारखा,
आठ-एक-दोन.
उद्यमबागेत, आमच्या फाउंड्रीत,
दोन वर्षं ह्याचं पॅटर्न मीच सांभाळतोय.
खोक्यावर नुसता नंबर असायचा.
कुठं जातं विचारलं की सूपरवायझर म्हणायचा, पुण्याला.
एका कोपऱ्यात तिळाएवढा उंचवटा आहे,
ड्रॉइंगमध्ये नाही,
माझ्या पटाशीची चूक, तपासणीत कधी सापडली नाही.
अंगठ्यानं चाचपला.
होता.

किती वेळ तिथं पडून राहिलो कुणास ठाऊक.
पाठीखाली खडे, तोंडावर नव्या रबराचा वास,
आणि ओढ्यापलीकडं माझी जीप
पुढच्या दोन डोळ्यांनी माझ्याकडंच बघत.

बाहेर आलो, हात पँटीला पुसले.
दस्तगीर म्हणाला, "काय बघालास रे खाली एवढं?"
"काय नाही," म्हटलं,
"पत्रा पातळच हाय."