उसनवार

दर पाच वर्षांनी रेजायनाहून फोन येतो.
पोलिसांची चित्रकार. आधी गार्थ म्हणून एकजण होता,
आता ही नवी, कायम सर्दी झालेली.
फोटो पाठवा, म्हणते, समोरून,
चष्मा काढून, दात न दाखवता.
माझ्या चेहऱ्यावरून दार्काचा काढायचा असतो.

दार्का सहा वर्षांची, मी चार.
शनिवार, उणे एकतीस, स्केटिंगचं उघडं मैदान.
कुणीतरी नाड्या बांधेल म्हणून
मी बाकावर पाय पुढे करून बसलेली.
थांब, आलेच, म्हणाली.

आलेच.
येण्याआधीच येऊन झाल्यासारखा शब्द.
तो मी कॉन्स्टेबलला सांगितला, पाद्रीबाबांना सांगितला,
विनिपेगहून लोलक घेऊन आलेल्या बाईला सांगितला,
सांगून सांगून झिजला,
आता माझ्याच आवाजात ऐकू येतो.

आईनं हातमोज्यांना लोकरीची दोरी विणली होती,
एका बाहीतून घालून पाठीमागून दुसऱ्या बाहीत,
मोजे हरवू नयेत म्हणून.
हरवण्याविरुद्ध आमच्या घरात
तेवढीच काय ती तरतूद.

गावानं आपापली कोठारं न मागता उघडी टाकली.
एका हालिश्कानं टाकलं नाही.
वर्षभरात त्यानं घर विकलं, केवढ्याला ते सांगवत नाही.
पुढे कळलं, आत दारूची भट्टी होती, दुसरं काही नाही.
ते कळल्यावरही त्याला कुणी पत्र लिहिलं नाही.
आम्हीसुद्धा.

आम्ही युक्रेनियन, जुन्या पंचांगाचे.
नाताळची आदली रात्र आमच्याकडे सहा जानेवारीला.
त्या रात्री गेलेल्यांसाठी एक ताट रिकामं मांडतात.
आई दोन मांडते. मध्ये हातभर अंतर.
एकदा काकूनं चुकून दोन्हींत गहू-मध वाढला
तर आईनं दुसरं उचलून विसळलं, पुसलं, परत ठेवलं,
आणि रात्रभर कुणाशी बोलली नाही.
बाबा पुढच्याच वर्षी पहिल्या ताटाचे झाले.

गार्थनं मला समजावलं होतं:
जबडा सहसा घराण्याचा, कपाळ ज्याचं त्याचं.
म्हणून मी जाड झाले की ती जाड होते.
माझा घटस्फोट झाला त्या साली
तिच्या डोळ्यांखाली काळं आलं.
केस मात्र लांबच ठेवतात. आईचा हट्ट.

गेल्या मार्चात मूस जॉजवळच्या पेट्रोल पंपावर
गल्ल्यावरचा पोरगा माझ्याकडे पाहत राहिला,
मग माझ्या मागच्या भिंतीकडे.
सुटे परत देताना नाणी सांडली त्याच्याकडून.
बाई, म्हणाला, अगदी हळू,
बाहेर गाडीत माझ्याबरोबर कुणी असेल अशा बेतानं,
तुम्हाला घरी जायचंय का?

मला सांगता आलं असतं.
पाकिटात परवाना होता, त्यावर नाव होतं, माझं.
मी नाणी गोळा केली,
एक एक करून, सावकाश,
आणि तो फोन लावेपर्यंत
थांबले.