झीज

सिव्हिलच्या फाटकासमोर, रसवंतीला लागून
माझी पत्र्याची टपरी.
आत रापी, ऐरण, रबराच्या शीटा
आणि कॉर्कचा भुगा, जो दुपारच्या डब्यातही सापडतो.

समोर तिसऱ्या मजल्यावर हाडं जोडतात.
माझ्याकडे येतात ते जोडून झालेले.

चिठ्ठीवर एवढंच: उजवा, अडीच सेंमी.
कोण, कुठला, कसा पडला, काही नाही.
ते मला स्टुलावर बसता बसता कळतं.
आधी काठी, मग हात,
मग हळूच कड टेकतो, तो खुब्याचा.
दोन्ही गुडघे बदललेली जिजामाय बसतच नाही;
उभीच बरी, म्हणते, उठणं वाचतं.
चुलीपुढे मांडी घालून थापायची ती कळण्याची भाकर.
आता ओट्यावर थापते,
आणि खाणाऱ्याला विचारते, तीच लागते का रे?

झुलाल भामरे आला पोळ्याच्या आठवड्यात.
कापडण्याचा. वायरमन. सोनगीरजवळ खांबावरून खाली.
मांडीच्या हाडात सळई, वर दोन स्क्रू, खाली दोन.
खालचा एक नंतर काढलेला,
तो त्यानं गाडीच्या किल्लीला अडकवला होता.
डॉक्टर शिसोदेंनी त्याला सांगितलं होतं,
हाड मस्त जुळलं.
आणि जुळलं होतंच.
फोटो मीही पाहिला, उन्हाकडे धरून:
उसाच्या कांडीला पेर असतं ना,
तशी गाठ, घट्ट, पांढरी.

"पाय मन्हा शे भाऊ," तो म्हणाला,
"चाल मन्ही नही."

मी तळ अडीच सेंटिमीटर उचलून दिला.
पैसे दिले, गेला.

आठ महिन्यांनी आला, पार उन्हाळा उलटून.
खांबावर चढायला बंदी. आता टेबलावर फोन घेतो,
लाइट कधी येईल ते लोकांना सांगतो.
खरं तर त्यालाही ठाऊक नसतं.

मी चपला उलट्या केल्या.
डावी टाचेत झिजलेली, सगळ्यांची झिजते तशी.
उजवी आतल्या कडेला, अंगठ्याखाली,
थेट कॉर्क दिसेपर्यंत.
म्हणजे पाऊल सरळ पडतच नव्हतं.
म्हणजे सळईभोवती हाड
जरासं बाहेर फिरून जुळलं होतं,
बाराकडे बघायचं ते साडेबाराकडे.
समोरून काढलेल्या फोटोत
फिरलेलं दिसत नाही.

मी सातवी नापास. तिसऱ्या मजल्यावर कधी गेलो नव्हतो.
गेलो. चप्पल पेपरात गुंडाळून.
सिस्टर ओरडली, चप्पल बाहेर!
म्हटलं, बाई, हीच तर पेशंट आहे.

शिसोदे काही बोलले नाहीत.
चप्पल हातात घेतली
आणि सवयीनं
भिंतीवरच्या दिव्याच्या काचेला लावली.
तिथून उजेड काय पार होणार!
पण बघत राहिले.
मग खाली घेऊन ती कड अंगठ्यानं चाचपली,
दोनदा, जिथं झुलालचा अंगठा रोज घासतो.

पुन्हा उघडावं लागेल, म्हणाले.
हाड कापायचं, फिरवायचं, परत सळई.
आणखी एक वाक्य म्हणाले, अगदी हळू.
ते मी टपरीत कुणाला सांगितलं नाही.

झुलालनं सगळं ऐकून घेतलं.
बोटाभोवती किल्ली फिरत होती, स्क्रू वाजत होता.
"परत तीन महिना खाटलावर? राहू दे.
चप्पलच वाकडी करी दे भाऊ."

केली. आतली कड उचलली, ट्रकच्या टायरचं रबर लावलं.
पांझरेच्या पुलाकडे निघाला तेव्हा
पाठीमागून बघत होतो:
पाय अजून जरा बाहेरच बघतो,
रस्त्याकडेचे खांब मोजत चालल्यासारखा.

हल्ली शनिवारी वॉर्डबॉय रस्ता ओलांडून येतो.
हातात पिशवी, पिशवीत जुन्या चपला.
चिठ्ठी नसते.
मी तळ वर करून त्या ओळीनं मांडतो.
एखादीला शेतातली काळी माती चिकटलेली असते.
ती मी लगेच झाडत नाही.