जोड दिसता कामा नये

मार्चमध्ये आम्ही मार्लिस हॉगनच्या परसात उतरलो.
मेसा, ॲरिझोना. गल्लीत सगळी घरं एकाच मातकट रंगाची,
म्हणून एलेउतेरिओनं ट्रक आधी शेजाऱ्याच्याच दारात लावला.

पहिल्या दिवशी खरं गवत काढलं.
यंत्रानं ते सालीसारखं सुटतं, चटईसारखं गुंडाळता येतं.
खाली मुळांची पांढरी जाळी, आणि एक गांडूळ,
कुठं जावं ते न कळून जागीच आखडलेलं.
मार्लिस स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती.
मोठी खिडकी, नवी, दुहेरी काचेची,
ऊन बाहेरच्या बाहेर परतवून लावणारी.
"आता पाणी नको ना घालायला?"
"थेंबभरही नाही," एलेउतेरिओ म्हणाला.
हे वाक्य तो दिवसातून चारदा म्हणतो
आणि चारही वेळा मनापासून.

मग खडीचा चुरा. पाणी मारायचं, दाबायचं,
पुन्हा चुरा, पुन्हा दाब. रात्री घरी
चमचा धरला तरी हात थरथरत राहतो.
त्यावर लांब पट्टी सरकवायची:
जिथं पट्टीखालून उजेड दिसेल
तिथं चेंडू चुकीचा उसळणार.
ओफा, आमच्यातली सगळ्यात लहान,
गाल जमिनीला टेकवून उजेड शोधायची.

तिसऱ्या दिवशी गवत आलं, गुंडाळ्या करून.
याच्या पात्यांना केसांसारखी दिशा असते,
एक पट्टा उलटा लागला
तर एकाच मैदानात दोन हिरवे दिसतात.
खाली फीत, फितीवर गोंद,
आणि मी गुडघ्यांवर, एकेक पातं बोटानं सारत,
कुणाच्या तरी डोक्यात भांग पाडावा तसा.
फरक एवढाच, की हा भांग दिसला तर पैसे कापतात.

पांढऱ्या रेघा रंगवलेल्या नसतात.
हिरवं कापून काढायचं, तेवढंच पांढरं बसवायचं.

मार्लिसनं झाडाची ग्रेपफ्रूट कापून आणली, वर मीठ.
अर्धंच कोर्ट, पण पुरे, म्हणाली. नातवासाठी. ब्रॅम.
डुलूथला असतो, शाळेच्या संघात आहे.
दर जुलैत येतो, सोळा दिवस.
"जुलै?" ओफा म्हणाली.
एलेउतेरिओनं तिच्याकडे नुसतं पाहिलं.
बिल अजून व्हायचं होतं.

जुलैत फोन आला. मला एकट्यालाच पाठवलं.
सर्व्हिसच्या रेघेलगत हातभर पट्टा
वितळून वाकलेला, मेणबत्तीच्या टोकासारखा.
मी उन्हाकडे पाठ केली, भिंतीकडे पाहिलं,
मग कळलं. खिडकी.
जी ऊन परतवते ती ते कुठंतरी टाकतेच.
चार ते साडेपाच, रोज, तेवढ्याच जागी.
हे वॉरंटीत बसत नाही, मी म्हणालो.
"त्या वेळी मीच तिथं उभी असते," ती म्हणाली.
मी कागदावर कारण लिहिलं: काच.

गवताला तापमापक लावला. एकशे सदुसष्ट.
मुलगा आत सोफ्यावर, पाय वर घेऊन,
रॅकेट अजून खोळीत.

साडेसातला हत्यारं आवरत होतो
तेव्हा ती नळी ओढत बाहेर आली
आणि प्लास्टिकच्या गवताला पाणी घालू लागली.
कोपऱ्यापासून, सावकाश, एकही जागा न सोडता,
वितळलेल्या पट्ट्यावर जरा जास्त.
वाफ आली, ओल्या चपलेसारखा वास आला.
माझ्याकडे तिनं पाहिलं नाही, मीही नाही.
ब्रॅम दारात, अनवाणी.
एक पाय टेकवला, मागे घेतला.
"अजून दहा मिनिटं."

ट्रकमध्ये बसलो. किल्ली लावली, फिरवली नाही.
बऱ्याच वेळानं भिंतीपलीकडे एक टप्पा पडला.
सरळ उसळला असणार,
कारण दुसराही तसाच आला.