शेवटचा बिल्ला

लुपिया निवृत्त झाला आणि पाळीची शिट्टी
न्सोफ्वाच्या गळ्यात आली.
झांबियातली तांब्याची खाण, आठशे मीटर खोल.
तो ओरडला की छताची माती झडते,
असं आम्ही म्हणायचो,
थोडं भीतीनं, थोडं कौतुकानं.

तिनंही तेच करून पाहिलं.
तीन आठवडे त्याच्याच आवाजात बोलली,
फक्त शिव्यांच्या जागी चर्चमधले शब्द.
आम्ही मान खाली घालून हसायचो.
उसना कोट होता तो,
बाह्या बोटांच्याही पुढे लोंबणाऱ्या.
चौथ्या आठवड्यात तिचा घसा बसला.

रविवारी उपासनेनंतर डीकन मुताले म्हणाले,
"बाई, मोशेकडे पाहा. हातात काठी हवी."
ती कुजबुजली, तेवढाच आवाज उरला होता,
"समोर समुद्र असता तर घेतली असती.
माझ्यासमोर बेचाळीस माणसं आहेत."

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी आली.
खाली जाताना पितळी बिल्ला खुंटीला लावायचा,
वर आलो की काढून घ्यायचा.
बिल्ल्यावर नुसता आकडा.
मी सतरा. बारा वर्षं सतरा.
"कलुम्बा," ती म्हणाली,
"आईचा खोकला कसा आहे?"
मला उत्तरच सुचेना.

घसा सुटला, तरी ती तशीच राहिली.
सळईनं छत ठोकायची, मान तिरकी करून ऐकायची,
दगड कुठे पोकळ बोलतोय ते.
माणसांशीही तसंच.
पाळणा सुटायच्या आधी तिचे ओठ हलत.
एकदा विचारलं, काय मागतेस आमच्यासाठी?
"मागत नाही. हजेरी देते.
माणसं त्याची आहेत.
मी मोजून घेतली, मोजून परत करायची."

जुलैतल्या एका संध्याकाळी
खुंटीवर एकच बिल्ला उरला. एकतीस. चितुंदू.
वरून फोनवर फोन, पुढची पाळी खोळंबलेली.
तिनं पाळणा थांबवला, मला घेऊन खाली उतरली.
पंपाच्या आडोशाला तो झोपला होता,
तीन रात्री इस्पितळात पोरीच्या उशाशी काढलेल्या.
मी लाथ उचलली होती, खरं सांगतो.
ती ओल्यातच बसली.
त्याचा बूट काढला, आतलं पाणी ओतलं,
मोजा पिळला, पाय स्वतःच्या बाहीनं पुसला.
मी दिवा धरून उभा.
कुठे पाहावं कळेना.

वर आल्यावर तिनं वही उघडली
आणि त्याचा एक तासाचा पगार कापला.
खाली स्वतःचं नाव लिहून आणखी एक तास:
'विचारायला उशीर केला.'
कोणी म्हणालं फार मऊ, कोणी म्हणालं फार कडक.
अजूनही म्हणतात.
चितुंदू काहीच म्हणत नाही.
तो हल्ली वर यायच्या आधी
शेजारच्याचा दिवा पाहून घेतो.

परवा तिनं शिट्टी माझ्या गळ्यात घातली.
रात्री चुलीपाशी मी तिचं ते हळू बोलणं
घोटून पाहत होतो.
बायको न्शिमा ढवळता ढवळता हसली,
"हा कोणाचा कोट घातलास?"

पहाट आहे. खुंट्यांसमोर उभा आहे.
पहिला बिल्ला हातात घेतलाय,
पितळ गार.
तोंड अजून उघडलेलं नाही.