मानशीचं दार

कुणी मेलं नव्हतं.
आधीच सांगते, कारण सगळे तेच विचारतात.
कर्ज नव्हतं, दुखणं नव्हतं,
मिंगेल जहाजावरून दर रविवारी फोन करत होता.
जुव्यातल्या आमच्या चार वाफ्यांत
मंगळवारी भेंड्या खुडत होते,
सात शिरांची लांब भेंडी, हाताला खाज सुटते तिची,
आणि नेहमीसारखं म्हणाले, "बघ हं, आज ऊन फार आहे."
म्हणाले आणि थांबले.
ऐकणारं कुणी नव्हतं.

आधीही नसेल कदाचित.
पण आधी मला ते माहीत नव्हतं.

संध्याकाळी वळणावरच्या खुरसापाशी गेलेच.
मे महिना, नऊ दिवसांची लादाइन,
क्लेमेंतीन मावशी गेल्यापासून सुरुवात मी करते.
लॅटिन कुणालाच येत नाही, मलाही नाही,
पण सूर चढवायचा कुठे, टेकवायचा कुठे
हे जिभेला ठाऊक आहे.
संतांची नावं घेत गेले,
पाडलेल्या घराच्या पत्त्यावर
पत्रं टाकावीत तशी.
मागून सगळे: ओरा प्रो नोबिस.
नंतर उकडलेले चणे, मोठ्यांना थेंबभर फेणी.
इनासिना म्हणाली, आज आवाज छान लागला ग.

पाद्री नवे, तिशीतले. चांगले आहेत.
जाळीपलीकडे वाट बघत राहिले
एखाद्या पुरुषाचं नाव येईल म्हणून.
मी म्हटलं, फादर, तो नाही असं म्हणत नाही मी,
पण फोन उचलत नाही.
ते हसले नाहीत. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.
तीन 'नमो मारिया' दिल्या,
खोकल्याला गोळ्या द्याव्यात तशा,
आणि मग अगदी हळू,
"फरक पडला तर मलाही सांगा."

माझा बाप रुझार मानशीवर होता.
मिस्सेला वर्षातून दोनदा, नाताळला आणि फेस्ताला.
बांधावर मात्र दर अमावस्येला, दर पुनवेला.
कुर्ल्या बांधाला बिळं पाडतात.
बोटाएवढं बीळ, एका भरतीत मनगटाएवढं,
दुसऱ्या भरतीत अख्खं शेत खारट.
तो वाकायचा, चिखल कोंबायचा, टाचेनं दाबायचा.
मी विचारलं, उद्या पुन्हा पाडतील की.
"पाडतील," म्हणाला. "हात धू, जेवायला चल."

आणि मानशीचं दार, मट्टीच्या फळ्यांचं,
ते उघडायला माणूस लागत नाही.
ओहोटीला आतलं पाणी ढकलतं,
भरतीला बाहेरचं पाणी मिटवतं.
थोडं झिरपतंच. झिरपू द्यायचं म्हणे,
लाकूड सुकलं की तडकतं.

ऑगस्टात मध्यरात्री बांध सुटला.
घंटा झाली. सगळे धावले,
शाबा नायक, त्याची दोन्ही मुलं,
इनासिना गाऊनवर, फादर लेंग्यात.
रांग लागली. चिखल, पेंढा, पोती,
हातातून हातात, कुणी बोलेना.
आणि न विचारता माझ्या तोंडून
मावशीचा तो सूर निघाला,
वजन पुढे सरकवायला ठेका लागतो म्हणून,
तेवढ्यासाठीच.
एक नाव, एक घमेलं.
अंधारातून रांग म्हणाली, ओरा प्रो नोबिस.
शाबाही म्हणाला, किंवा तसंच काहीतरी.
पहाटे पाणी थांबलं.

उचलला का मग फोन?
नाही. खोटं कशाला सांगू.
पण माझ्या मागे हात होते, पुढे हात होते,
घमेलं कुठून सुटतंय ते मला दिसत नव्हतं
आणि ते येत होतं.

आता ऑक्टोबर. आज अमावस्या, भरती साडेअकराला.
बांध बघून परतताना खुरसापाशी थांबेन.
मेणबत्ती आहे. काडेपेटी सर्दावलीय,
पहिल्या दोन काड्या फुकट जातील.
म्हणेन, "बघ हं, आज ऊन फार होतं."
मग बघू.