अकरावं मिनिट

मुहू बेटावर, बर्च आणि ओक यांच्या मधल्या कुरणात
मी दहा मिनिटं बसते, घड्याळ लावून,
एका फुलासमोर.
मान खाली घातलेलं फूल, रंग शिळ्या वाइनचा,
दारावर कुणी आलंय ते ठाऊक असून
आतून कडी न काढणाऱ्या माणसासारखं.
आमच्याकडे त्याला ओढ्याचं फूल म्हणतात,
ओढा बुजला तरी.

विद्यापीठाच्या तक्त्यात सहा रकाने.
पाच इतरांचे, एक फक्त तिचा.
नारिंगी पोट, राखाडी पाठ,
तोंडापुढे चोचीसारखं निघालेलं नाक,
आणि त्याखाली घडी घालून ठेवलेली सोंड,
उलगडली तर अंगाएवढी.
नाकापेक्षा मोती जड म्हणतात.
हिला मोती कुठला, नाकच जड,
तरी ही हवेत उभी राहते
खिळ्यावाचून टांगलेल्या चित्रासारखी.

म्हणजे, राहायची.
हा तिसरा मे. तिच्या रकान्यात
शून्याखाली शून्य, शून्याखाली शून्य,
मी पेन्सिल न उचलता काढायला शिकलेय.

एक जाडा भुंगा येतो, फुलाला लोंबकळतो,
फूल घंटेसारखं हलतं, वाजत मात्र नाही.
भुंग्याच्या रकान्यात एक रेघ.

हेल्यो कुंपणापलीकडून बघत असते.
वय एक्याऐंशी, पायात मुलाचे रबरी बूट;
मुलगा फिनलंडमध्ये छपरं घालतो.
“फुलाकडे काय बघतेस? ती तिची खानावळ.
घर बघ.”
“कुठंय?”
ती काठी टेकवते गवतात,
जिथे गवतच आहे नुसतं.
“इथे मुस्तिक शेण टाकायची.”

मी शहरात शिकलेली, नाक मुरडलं.
मग रात्री पुस्तक उघडलं, आणि खरंच:
ताज्या शेणावर वाकलेल्या पात्यावर ती अंडी घालते,
पिल्लं खाली पडतात, त्या उबेत वाढतात.
एवढा गोड रस पिणारीचं बाळपण असं.
फुलांचं पुस्तक वेगळं, गुरांचं वेगळं,
ग्रंथालयात दोन मजल्यांवर.

मुस्तिक विकली त्याला तीन वर्षं झाली.
शेजारच्या आयवारच्या साठ गायी आहेत, पण
जंतांसाठी त्यांना सुई टोचतात,
आणि त्यांचं शेण महिनोन्महिने पडून राहतं
राईच्या विसरलेल्या पावासारखं.
किडा नाही, भोक नाही, वास नाही.
“माती पण त्याला हात लावत नाही,” हेल्यो म्हणते.

त्या ऑगस्टमध्ये, गवत कापून झाल्यावर,
तिनं हेल्लामाहून एक कालवड मागून आणली,
सहा आठवड्यांसाठी.
मोबदला: तीन खोकी सफरचंदं
आणि चार विळ्यांना धार.
अट: सुई नाही.
मी तेव्हा तार्तूला परत गेले होते.
फोनवर तिनं एवढंच सांगितलं,
“छान पातळ टाकते.”

आज पुन्हा मे. पुन्हा ते फूल, मान तशीच.
दहा मिनिटं: मुंग्या चार, भुंगे दोन,
ती नाही.
घड्याळ वाजलं. मी शून्य काढलं,
तक्ता मिटला, गुडघ्यावरचं गवत झटकलं,
तेवढ्यात

फुलाच्या खाली हवेचा एक ठिपका घट्ट झाला.
नारिंगी.
थांबला, थोडं मागे सरला, पुन्हा थांबला,
मग नाक आत, सोंड आत,
आणि मान खाली घातलेल्या त्या फुलानं
कडी काढली असं मला वाटलं.
मी श्वास घेतला नाही, हे खरं.
बाकीचं शपथेवर नाही सांगणार.

नियम स्पष्ट आहे: अकराव्या मिनिटाची नोंद होत नाही.
मी तक्ता उघडला नाही. चार वाजताची फेरी पकडायची होती.
मागे वळले तर हेल्यो पायरीवर,
मांडीवर दुधाची जुनी वही,
तीन वर्षांपूर्वीची शेवटची ओळ:
मुस्तिक, सहा लिटर.

तिनं खाली लिहिलं:
नाकवाली, एक.
मग चष्मा पुसून
एकच्या पुढे काढलं छोटंसं प्रश्नचिन्ह,
कारण तीच होती की तिची बहीण,
कोण सांगणार.