आरशातला रेडान

नेब्रास्कात, जिथे गवताखाली नुसती वाळूच आहे,
व्हर्लीन कुचेरा बुलडोझरवर बसून
एक जुना बुरूज उलटा बांधते आहे.

नकाशा दोन पानी. कोपऱ्यात कॉफीचा डाग.
त्याखाली आर्किटेक्टचं तिरकं अक्षर:
सातवा होल. रेडान. आरशातला.

रेडान म्हणजे काय, ते तिला डबा खाताना कळलं.
क्रिमियात एक तट होता, टोक पुढे काढलेला;
घ्यायला गेले त्यातले बरेच तिथेच राहिले.
परतलेल्या कुणा शिपायाने, म्हणतात,
स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची एक तिरकी हिरवळ पाहिली
आणि तेच नाव तोंडून गेलं.
सरळ चाल कराल तर खड्ड्यात.
चेंडू बगलेच्या उंचवट्यावर टाका, सोडून द्या,
उतार त्याला आत नेईल.
मराठीत याला जुना शब्द आहे,
व्हर्लीनला तो कुठून माहीत असणार.

तिकडचा वारा एका अंगाने, इकडचा दुसऱ्या, म्हणून आरसा.
तेव्हाच्या चेंडूची एवढ्या अंतरात दमछाक व्हायची;
आताचा जांभई देत पोचतो,
म्हणून टी मागे, आणखी मागे, कुंपणाला पाठ लागेपर्यंत.
तिथलं गवत मेंढ्यांनी कुरतडलेलं,
इथलं घोटून दाढी केल्यासारखं.
जुना उतार जसाच्या तसा आणला
तर चेंडू पलीकडच्या तालुक्यात जाऊन थांबेल.

पाचाचे अडीच टक्के कर, आर्किटेक्ट म्हणतो,
पण डोळ्याला पाचच दिसू देत.

हे कागदावर येत नाही.
ती पातं बोटभर उचलते, मागचा उंचवटा कलता करते,
खाली उतरून पोटावर झोपते, एक डोळा मिटून बघते.
पुन्हा चढते.

बंकर मात्र आधीपासूनच होता.
एमिलकाका चाळीस वर्षं त्या खड्ड्याशी भांडले:
शिळं गवत टाकलं, टायर टाकले, एक मोडकी फोर्डसुद्धा.
वारा उकरतच राहिला.
आता तिने अकरा टायर बाहेर काढले
आणि वृद्धाश्रमात फोन केला:
काका, तुमच्या खड्ड्यात पडायला लोक पैसे देणार आहेत.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग: काठ उभा ठेवू नकोस. गुरं काठच पाडतात.

शुक्रवारी उजेड कमी झाल्यावर
तिने खिशातून तीन चेंडू काढले, हातानेच फेकले.
पहिला अडला.
दुसरा बंकरात.
तिसरा डाव्या खांद्यावर टेकला, थांबल्यासारखा झाला,
मग वळला,
आणि कुणी बोलावल्यासारखा
मागच्या कोपऱ्यातल्या खुंटीपर्यंत गेला.
तिने कुणाला सांगितलं नाही.

सकाळी कुंपण एका जागी वाकलेलं.
एक काळी गाय बंकरात बसली होती,
वाऱ्याकडे पाठ, पोटाशी वासरू;
आणि काठ, काल संध्याकाळी घोटलेला,
तीन ठिकाणी ढासळलेला.

व्हर्लीनने फावडं उचललं.
थोडा वेळ उभी राहिली.
मग ते टायरांना टेकवून ठेवलं.